आधी जुनी पेस्ट पुसा

हीटसिंक काढला आणि खाली जुन्या थर्मल पेस्टचा करडा थर दिसला, तर त्यावरच नव्या पेस्टचा ठिपका टाकायचा आणि स्क्रू आवळायचे. दाबाखाली जुने-नवे एक होते, जादाची पेस्ट कडेने बाहेर येते, पुसत बसण्याची गरज नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात आणि घरी मशीन उघडणाऱ्यांत हे मत चांगलेच मुरलेले आहे. त्याला जोडूनच दुसरा सल्ला मिळतो : पैसे घालायचे तर भारीतल्या पेस्टवर घाला, पुसणे हे नुसते दिसण्यापुरते काम आहे. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि थोड्याथोडक्या चुकीच्या नाहीत. जुनी पेस्ट पूर्ण काढणे हाच या कामाचा मुख्य भाग आहे. ते नीट झाले तर मध्यम प्रतीची पेस्टही उत्तम काम करते. ते झाले नाही तर बाजारातली सर्वांत महाग पेस्ट लावूनही मशीन तापतच राहते. हा दावा नुसत्या अनुभवाच्या जोरावर मान्य करा असे माझे म्हणणे नाही. तो साध्या गुणाकार-भागाकाराने तपासता येतो.

पेस्ट तिथे कशासाठी असते, यापासून सुरुवात करावी लागेल, कारण सगळा गैरसमज तिथूनच निघतो. पेस्ट उष्णता ओढून घेते, म्हणून जितकी जास्त तितके चांगले, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. प्रोसेसरचे धातूचे झाकण हे निकेलचा मुलामा दिलेले तांबे असते आणि हीटसिंकचा तळ तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन आहे, अॅल्युमिनियमची सुमारे २३५. चांगल्या पेस्टची वाहकता साधारण ४ ते १० च्या दरम्यान असते. म्हणजे धातूच्या तुलनेत पेस्ट ही वाहक कसली, अडथळाच आहे. तरीही ती लावावी लागते, कारण डोळ्याला गुळगुळीत दिसणाऱ्या दोन धातूंच्या पृष्ठांवर यंत्रकामाचे बारीक ओरखडे आणि खळगे असतात. पृष्ठे एकमेकांवर ठेवली की त्या खळग्यांत हवा अडकते, आणि हवेची वाहकता अवघी ०.०२६ आहे. ५ वाहकतेची साधी पेस्टसुद्धा हवेपेक्षा १९० पट सरस ठरते. तेव्हा पेस्टचे काम एकच : हवेला बाहेर काढून खळगे भरणे, आणि बाकी ठिकाणी शक्य तितके पातळ राहून धातूला धातूच्या जवळ येऊ देणे. पातळपणा हा इथे निर्णायक गुण आहे, आणि जुन्या पेस्टवर नवी लावल्याने नेमका तोच जातो.

आता आकडे मांडू. डेस्कटॉप प्रोसेसरच्या झाकणाचा उपयोगी भाग ३० गुणिले ३० मिलिमीटर धरू, आणि त्यातून ६५ वॅट उष्णता बाहेर पडते असे समजू. ५ वाहकतेच्या पेस्टचा ५० मायक्रॉनचा थर असेल, तर त्या थरामुळे तापमानात पडणारा फरक सुमारे ०.७ अंश सेल्सियस येतो. तीच पेस्ट बदलून १० वाहकतेची महागडी घेतली तर हा फरक ०.३६ अंशांवर येतो. कमाई अर्धा अंशसुद्धा नाही. उलट पुसण्याचा आळस केला, खाली वाळलेली पेस्ट राहिली, दोन्ही मिळून थर १०० मायक्रॉनचा झाला आणि वाळल्यामुळे त्याची एकूण वाहकता १ वर आली असे धरले, तर फरक ७ अंशांच्या वर जातो. लॅपटॉपमध्ये चित्र आणखी गंभीर आहे, कारण तिथे धातूचे झाकण नसते. हीटसिंक थेट उघड्या चिपवर बसतो. चिपचा पृष्ठभाग १२ गुणिले १० मिलिमीटर आणि उष्णता २५ वॅट धरली, तर चांगल्या पातळ थराने २ अंशांचा फरक पडतो, पेस्ट दुप्पट वाहकतेची घेतली तर १ अंशाचा, आणि त्या वाळलेल्या दुहेरी थराने जवळजवळ २१ अंशांचा. या हिशेबात उष्णता सगळीकडून सारखी निघते असे धरले आहे. प्रत्यक्षात ती चिपच्या काही भागांत एकवटलेली असते, त्यामुळे तिथला फरक याहून जास्तच असणार. महागड्या ब्रँडने लॅपटॉपला मिळवून दिलेला एक अंश आणि न पुसल्याने गमावलेले वीस अंश, यांतले काय मोठे आहे हे वेगळे सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप येतो तो दाबाचा. स्क्रू आवळल्यावर इतका दाब येतो की जुनी पेस्ट चेपून पातळ होणारच, असे म्हणतात. ताज्या पेस्टबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण पेस्ट म्हणजे तेलात मिसळलेली बारीक भुकटी. तेल बहुधा सिलिकॉनचे असते आणि भुकटी झिंक ऑक्साइड, अॅल्युमिनियम ऑक्साइड, बोरॉन नायट्राइड किंवा चांदीची. वर्षानुवर्षे तापण्या-निवण्याने तेल हळूहळू कडेला झिरपत जाते आणि मागे उरतो तो भुकटीचा खडूसारखा थर. दाबाखाली पसरायला लागणारे तेलच त्यात राहिलेले नसते. शिवाय दोन पृष्ठांमधले अंतर सर्वांत मोठा कण किंवा सर्वांत उंच ढेकूळ ठरवते. एका कोपऱ्यात वाळलेला खवला राहिला तर संपूर्ण हीटसिंक त्या खवल्यावर टेकतो, किंचित कलतो, आणि उरलेल्या जागेत पेस्ट जाड राहते. स्क्रू कितीही आवळले तरी तो खवला विरघळत नाही. लॅपटॉपमध्ये तर स्प्रिंगचे छोटे स्क्रू असतात. त्यांचा दाब मर्यादित ठेवलेला असतो, कारण खाली उघडे सिलिकॉन आहे आणि त्याचे कोपरे ठिसूळ असतात. पोपडे आलेल्या भिंतीवर रंग मारावा तसा हा प्रकार आहे.

याच आक्षेपाचा थोडा सुधारलेला अवतार असा : पेस्ट वाळलेली नसेल, मऊ असेल, तर हीटसिंक उचलून पुन्हा तसाच ठेवायला काय हरकत आहे? हरकत आहे. हीटसिंक उचलताना चिकट पेस्ट दोन्हीकडे ओढली जाते आणि तिच्यावर डोंगर-दऱ्यांसारख्या रेघा उमटतात. तोच हीटसिंक परत टेकवला की त्या दऱ्यांमध्ये हवा कोंडली जाते. पहिल्यांदा मधोमध टाकलेला ठिपका दाबाखाली कडेकडे पसरत गेला होता, म्हणून हवेला बाहेर पडायला वाट होती. दुसऱ्यांदा सगळी पेस्ट आधीच पसरलेली असल्याने ती वाट बंद असते. मऊ पेस्टमध्ये याने होणारे नुकसान वाळलेल्या पेस्टपेक्षा पुष्कळ कमी असते, हे मान्य करायला हवे. पण अल्कोहोलची बाटली आणि कापड हाताशी असताना ते तरी का सोसायचे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. आजचे प्रोसेसर स्वतःला जपतात, तापले की वेग कमी करतात, अगदीच हाताबाहेर गेले तर बंद पडतात. मग पेस्टचा एवढा बाऊ कशाला? संरक्षणाची ही सोय खरीच आहे आणि ती मोठी प्रगती आहे. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरने चालू मशीनवरून हीटसिंक काढून घेण्याची चाचणी चित्रित केली होती. तीत इंटेलचा पेंटियम ४ वेग घटवून तगला आणि त्या वेळचा एएमडीचा अॅथलॉन क्षणांत जळाला. आज तशी वेळ येत नाही. पण संरक्षण कसे होते, ते पाहा. प्रोसेसर जळत नाही, तो मंद होतो. आणि मंद झालेला कॉम्प्युटर आपण का मंद झालो हे सांगत नाही. वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच की फॅन सतत घोंगावतो, व्हिडिओ कॉल अडखळतो, ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की सगळे अडते. तो समजतो, मशीन जुने झाले. मग रॅम वाढवली जाते, विंडोज पुन्हा टाकले जाते, आणि शेवटी चालते मशीन भंगारात किंवा पडत्या किमतीत निघते. ज्या घरात एक लॅपटॉप दोन मुलांच्या अभ्यासासाठी असतो, किंवा जो विद्यार्थी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वा पुण्याच्या तपकीर गल्लीतून वापरलेले मशीन घेतो, त्याच्यासाठी हे नुकसान खरे आहे. अॅथलॉन निदान मेला हे कळत तरी होते. आताच्या प्रोसेसरचे दुखणे वर्षानुवर्षे लपून राहू शकते, आणि म्हणूनच पेस्टकडे दुर्लक्ष करणे आज अधिक महागात पडते.

इथे आपल्या हवामानाचा मुद्दा जोडला पाहिजे. तापमानाची कमाल मर्यादा चिपमध्ये ठरलेली असते. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत ती १०० अंश आहे, एएमडीच्या अनेक रायझन प्रोसेसरांत ९५. चिपचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक वाटेतल्या सगळ्या अडथळ्यांनी घातलेली भर. ९५ची मर्यादा असलेल्या आणि वातानुकूलित खोलीत २५ अंशांवर चालणाऱ्या मशीनला ७० अंशांची मोकळीक मिळते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ ओलांडतो तेव्हा पंख्याखाली चालणाऱ्या त्याच मशीनला ५० अंश उरतात. त्यातले वीस अंश वाळलेल्या पेस्टने खाल्ले तर बाकी काय राहिले? थंड देशांतल्या खोलीत खपून जाणारी हयगय विदर्भात खपत नाही.

तिसरा आक्षेप दुरुस्ती न करण्याच्या बाजूचा आहे : चालते मशीन उघडू नये, पुसायच्या नादात पिना वाकतात, चिपचा कोपरा तुटतो. या आक्षेपाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. दरवर्षी पेस्ट बदलायलाच हवी, असे सांगून सर्व्हिसिंगचे पैसे लावणे योग्य नाही. चांगली पेस्ट झाकण असलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरवर कित्येक वर्षे टिकते. शिवाय तापण्याचे पहिले कारण बहुतेकदा धूळ हे असते, आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये बसलेला धुळीचा नमदा काढायला प्रोसेसरला हातही लावावा लागत नाही. म्हणून आधी धूळ काढा, मग एचडब्ल्यूइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये कामाच्या भाराखालचे तापमान बघा, आणि ते ठीक असेल तर हीटसिंक जागेवरच राहू द्या. पण हीटसिंक एकदा उचलला, कारण काहीही असो, की मग पर्याय उरत नाही : दोन्ही पृष्ठे पूर्ण स्वच्छ करून नवी पेस्ट लावावीच लागते. अर्धवट उघडून तसेच मिटवणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे.

पिना वाकण्याची भीतीही खरी आहे, पण ती पुसण्यातून येत नाही, घाईने उपसण्यातून येते. एएमडीच्या एएम४ पिढीत पिना प्रोसेसरच्या खालच्या बाजूला असतात. वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरून बसते आणि हीटसिंक सरळ वर ओढला तर सॉकेटची खिटी लावलेली असतानाही प्रोसेसर त्याच्याबरोबर उपटून येतो. उपाय सोपा आहे. मशीन काही मिनिटे कामाला लावून गरम करायचे म्हणजे पेस्ट मऊ पडते, मग बंद करून प्लग काढायचा, आणि हीटसिंक ओढण्याआधी डावीकडे-उजवीकडे हलक्या हाताने फिरवून चिकटपणा सोडवायचा. इंटेलने २००४ पासून एलजीए ७७५ पिढीत पिना सॉकेटवर नेल्या आणि एएमडीने २०२२ मध्ये एएम५ पिढीत तेच केले. तिथे उपटून येण्याचा धोका गेला, पण पेस्टचा तुकडा सॉकेटमध्ये पडला तर तो काढणे फार जिकिरीचे असते. म्हणून अशा मशीनमध्ये प्रोसेसर सॉकेटमध्येच ठेवून, वरची पट्टी लावलेली असताना त्याचे झाकण पुसलेले बरे. लॅपटॉपमध्ये काहीही करण्याआधी बॅटरीची जोडणी सोडवायची. ही काळजी घेतली की पुसण्याचे काम सुरक्षित आहे. तिच्याअभावी झालेल्या नुकसानीचा दोष पुसण्यावर ढकलता येणार नाही.

आता पुसायचे कशाने, हा वाद. या बाबतीत जेवढी मनमानी चालते तेवढी क्वचितच कुठे चालत असेल. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर, गंजावर मारायचा स्प्रे, अगदी पॉलिश पेपरसुद्धा वापरला जातो आणि ‘निघतं की’ एवढेच समर्थन दिले जाते. पेस्ट निघते यात शंका नाही. प्रश्न मागे काय राहते हा आहे. गंजावरच्या स्प्रेचे कामच तेलाचा थर मागे ठेवण्याचे आहे. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा अॅसिटोनसोबत सुगंध, रंग आणि नखे कोरडी पडू नयेत म्हणून तेलकट द्रव्ये असतात. शिवाय अॅसिटोन अनेक प्रकारचे प्लास्टिक मऊ करते, आणि मदरबोर्डवर प्लास्टिकचे सॉकेट व कनेक्टर जागोजागी असतात. थिनरचेही तेच. सॅनिटायझर २०२० नंतर घरोघरी आला, म्हणून तो वापरण्याचा मोह होतो; पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातच हाताच्या त्वचेसाठी १.४५ टक्के ग्लिसरॉल घातलेले आहे, आणि जेलच्या सॅनिटायझरमध्ये त्यावर घट्टपणा आणणारी द्रव्ये. अल्कोहोल उडून जाते, ग्लिसरॉल राहते. पॉलिश पेपरने आरसा केल्याने फायदा होतो हा समज तर जास्तच घातक. हाताने घासताना पृष्ठाच्या कडा झिजतात, मध्य उंच राहतो, निकेलचा मुलामा जातो आणि तांब्याची वाहक भुकटी बोर्डवर पडते. खळगे भरायला पेस्ट आहेच. सपाटपणा गेला तर तो भरून काढायला काही नाही.

योग्य द्रव एकच आणि तोही साधा : आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्क्यांचे. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणारी दुकाने ते ‘आयपीए’ म्हणून देतात. ते झटकन उडते, मागे काही ठेवत नाही आणि बोर्डवरच्या बहुतेक प्लास्टिकला धक्का लावत नाही. औषधांच्या दुकानातल्या ७० टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये उरलेले ३० टक्के पाणी असते. ते चालते, मात्र पूर्ण वाळू द्यावे लागते. अल्कोहोल पेस्ट विरघळवते, म्हणून दोन थेंब टाकले की झाले, असे समजणाऱ्यांनाही थांबवायला हवे. सिलिकॉनचे तेल अल्कोहोलमध्ये फारसे विरघळत नाही. अल्कोहोल पेस्टला मऊ करते, तिची पकड सोडवते, आणि खरे काम कापड करते. म्हणून आधी कोरड्या कापडाने जमेल तेवढी पेस्ट उचलायची, मग ओलसर केलेल्या कापडाने कडेकडून मध्याकडे पुसायचे म्हणजे पेस्ट बोर्डवर पसरत नाही. कापडाची नवी, स्वच्छ घडी पुसल्यावरही स्वच्छच राहीपर्यंत हे चालू ठेवायचे. कापड चष्मा पुसण्याच्या जातीचे, धागे न सोडणारे असावे. टिश्यू पेपरचा तंतू मागे राहिला तर तोही खवल्याइतकाच अडथळा. उघड्या चिपभोवतीच्या बारीक कपॅसिटरांमध्ये कापसाची काडी हलक्या हाताने फिरवायची, धातूचा चाकू कधीही नाही. वाळलेल्या पेस्टसाठी प्लास्टिकची बोथट पट्टी पुरते. चांदीच्या भुकटीची पेस्ट असेल तर तिथे अधिक जपायचे. शेवटी मिनिटभर वाळू द्यायचे आणि स्वच्छ केलेल्या जागी बोट लावायचे नाही.

एक अपवाद मात्र ठळकपणे सांगितला पाहिजे, कारण ‘आयपीए घ्या आणि पुसा’ हा सल्ला तिथे अपुरा पडतो. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये आणि प्लेस्टेशन ५ मध्ये पेस्टऐवजी गॅलियमचा द्रव धातू असतो. गॅलियम सुमारे ३० अंशांना वितळते, अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, विजेचे वाहक आहे आणि अॅल्युमिनियमला पोखरून ठिसूळ करते. पेस्ट समजून त्याला पुसले तर चकाकणारे थेंब बोर्डवर उडतात आणि शॉर्ट होतो. थर राखाडी-पांढरा नसून पाऱ्यासारखा चमकत असेल तर ते काम जाणत्याकडेच द्यावे. ग्राफिक्स मेमरीवरच्या जाड रबरी पॅडलाही पुसून पेस्ट लावण्याचा नियम लागू नाही. तिथे मुद्दाम अंतर ठेवलेले असते. पॅड काढून पेस्ट लावली तर ती हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही.

शेवटचा आक्षेप दुकानदाराचा आहे आणि तो प्रामाणिकपणे केला जातो : गिऱ्हाईक एवढे पैसे देत नाही, दिवसाला इतकी मशीन येतात, पुसत बसायला वेळ कुठे? पण लॅपटॉप उघडून हीटसिंकपर्यंत पोहोचण्यात खरा वेळ गेलेला असतो. त्यानंतरच्या पुसण्याला फार तर दहा मिनिटे लागतात, आणि ती दहा मिनिटे वाचवली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. अडचण वेळेची कमी आणि न दिसण्याची जास्त आहे. हीटसिंक परत बसला की खाली पुसले होते की नाही, हे कुणालाच दिसत नाही. ते दिसावे यासाठी गिऱ्हाइकाने एकच गोष्ट मागावी : मशीन उघडण्यापूर्वी आणि बंद केल्यानंतर, त्याच खोलीत, त्याच प्रोग्रॅमचा तोच भार दहा मिनिटे देऊन घेतलेली तापमानाची दोन वाचने. लावलेल्या पेस्टच्या ब्रँडचे नाव बिलावर नसले तरी चालेल, ही दोन वाचने असावीत. लॅपटॉपची पेस्ट खरोखर वाळलेली होती आणि काम नीट झाले, तर त्यांच्यातला फरक मोजायला दशांश चिन्हाची गरज पडत नाही.